ताईचा डावा गाल

आमच्या घरात माग होता. त्यामुळे शांतता म्हणजे काय हे मला लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्यावर कळलं, आणि कळल्यावर ती काही फारशी आवडली नाही. सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे आमची वस्ती होती. घर दोन खोल्यांचं, त्यातली पुढची सगळी मागाने व्यापलेली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा बसलेले, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. मागच्या खोलीत माय चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्याची घरघर वेगळी, आणि अंगणात चुलीवर सुताला लावायची खळ शिजायची, तिचा बुडबुड आवाज वेगळा. या सगळ्यावर मात करून बोलायचं म्हणजे घसा मोकळा सोडावा लागे. माझ्या सुना अजून म्हणतात, आई, तुम्ही शेजारच्या माणसाशी बोलता की पलीकडच्या गल्लीतल्या? मी त्यांना सांगते, मागवाल्याच्या पोरी कुजबुजायला शिकत नाहीत. हे खरं आहे, आणि पुढे जे घडलं त्यात याचा थोडा हात आहेच.

जेवण साधं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, फल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची, चटणी, आणि पाहुणे आले की पाटवडीचा रस्सा. माय तो इतका झणझणीत करायची की पाहुणे डोळे पुसत दुसऱ्यांदा मागायचे. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा ताई अंगावर पीत होती, माझा जन्म पुढचा. घरातले जुने देव कधी आणि कसे गेले ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिला तो भिंतीवरचा बुद्ध, आणि पाहिली बाबांची मान. ते मागावर वाकून बसायचे, पण उठले की ताठ. आम्हा दोघींना त्यांनी एकच शिकवण पुन्हा पुन्हा दिली, "कोणासमोर वाकायचं नाही. वाकायचं ते धागा जोडायले." शाळेत मास्तरांनी मला मागच्या बाकावर बसायला सांगितलं तेव्हा बाबा माग सोडून शाळेत गेले होते, आणि मी पुढच्या बाकावर बसल्याशिवाय परत आले नव्हते.

ताईचं नाव कुसुम. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती नऊ वर्षांची असताना उकळत्या खळीचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, तिच्यावर उलटलं. डावा गाल, कानाखालची बाजू, मान आणि खांदा. कातडी भरून आली, पण ताणलेली, चकाकणारी, मध्येच गोळा झालेली. मला तो गाल कधी वेगळा वाटला नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ताई तशीच होती. पण माय त्या गालाकडे सरळ पाहत नसे. गंज तिनेच तिथे ठेवलं होतं. कोणी दाराशी आलं की मायचा हात आपोआप ताईच्या पदराकडे जायचा आणि पदर डावीकडून पुढे ओढायचा. ताईला त्याची इतकी सवय झाली होती की तिचा स्वतःचाही हात तसाच वर जायचा, माशी उडवावी तसा.

कॅमेरा आला तो मामामुळे. माझा मामा नरखेड तालुक्यातल्या बागांमध्ये विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. त्याच्याकडे मोटरसायकल होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. तिचे फोटो काढावेत म्हणून त्याने शहरातल्या सदर भागातल्या एका दुकानातून अगदी स्वस्तातला, शिकाऊ माणसाने घ्यावा असा डबा कॅमेरा आणला. काळं चौकोनी खोकं, पुढे एक डोळा, मागे लाल काचेची एवढीशी खिडकी आणि तिच्यात फिल्मचा आकडा. ऊन असेल तर खटका इकडे, ढग असतील तर तिकडे, आणि तिसरीकडे नेला तर दाबून ठेवू तोवर डोळा उघडाच राहायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. मामाच्या बाराही फोटोंत मोटरसायकलचं एकेक चाक गायब होतं. संत्र्याच्या पिशवीसोबत त्याने ते खोकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "घे वं शालू. हे माह्या बसची गोष्ट नाही. पंप बरा, तो निदान बोंबलते तरी." मी तेव्हा दहावीत होते.

मी काय काय काढलं नाही? तलावाची पाळ, कावळे, वाळत घातलेलं रंगीत सूत, बाबांचे मागावरचे पाय. रोल महाग, म्हणून एकेका फोटोसाठी आठवडा आठवडा विचार करायचा आणि मग घाईत खटका दाबायचा. अर्धेअधिक वाया जायचे. मायचे मी चार फोटो काढले, चारहींत तिचं डोकं कापलेलं. ती म्हणाली, "आता मेल्यावर लोक ओळखतीन मले, साडीवरून." पण त्या खोक्याने मला एक सवय लावली. एखादी गोष्ट आहे तशी किती वेळ पाहता येते, हे मी त्याच्यामुळे शिकले. आज नातवंडं खिशातून फोन काढतात आणि तोंड वेडंवाकडं करून स्वतःचेच शंभर फोटो काढतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त आम्हाला एका चेहऱ्यासाठी काय करावं लागलं ते त्यांना सांगावंसं वाटतं.

ताई तेविसाची झाली होती. वस्तीत तिच्या बरोबरीच्या मुलींची पोरं अंगणवाडीत जायला लागली होती. बाबांनी तिला सदरमधल्या एका फोटो स्टुडिओत नेलं. आठ दिवसांनी फोटो आले तेव्हा मी पहिल्यांदा हातात घेतले, आणि मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कोणाचे दिलेत. फोटोतल्या मुलीचा गाल अंड्यासारखा गुळगुळीत होता. रंगही उजळलेला. स्टुडिओवाल्याने भिंगाखाली निगेटिव्ह ठेवून बारीक पेन्सिलीने ताईचा डाग पुसून टाकला होता, आणि कोणी सांगितलं नव्हतं तरी नाकही थोडं सरळ केलं होतं. मायने फोटो पाहिला आणि ती रडायला लागली. ती म्हणाली, "अशीच असती माही पोरगी." ताईने फोटो घेतला, पाहिला आणि परत पाकिटात ठेवला.

तो फोटो कामठीकडच्या एका घरी गेला. पाहुणे आले. मुलगा, त्याचा काका आणि आणखी दोघं. ताईने पोह्यांच्या ताटल्या आणल्या. काकाने खिशातून फोटो काढला, ताईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग तो फोटो त्याने तिच्या चेहऱ्याशेजारी धरला, बाजारात कापडाचा नमुना जुळवून पाहतात तसा. "ही पोरगी कोठं आहे?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "हीच आहे." काका म्हणाला, "ही नाही. आम्ही या पोरीले पाह्याले आलो." आणि ते उठले. पोहे तसेच. मुलगा खाली पाहत होता. दारापर्यंत बाबा त्यांच्या मागे गेले आणि मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. माझ्या बाबांनी दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. "माफ करा भाऊ, चूक झाली." माग बंद होता. त्यामुळे ते शब्द घरात सगळ्यांना ऐकू आले.

त्यानंतर महिनाभर त्या दिवसाचं नाव कोणी काढलं नाही. मग मामा दुसरं स्थळ घेऊन आला. त्याच्या तालुक्यातलं गाव, मुलगा दवाखान्यात कंपाउंडर, माणूस निर्व्यसनी. "फोटो द्या, मी पोचवतो," मामा म्हणाला. बाबा उठले आणि फळीवरून स्टुडिओचं पाकीट काढू लागले. त्यात अजून दोन प्रती होत्या.

"तो नाही," ताई म्हणाली.

बाबांचा हात फळीवरच राहिला.

"मामाले दोन आठवडे थांबायले सांगा. माहा फोटो शालू काढीन," ताई म्हणाली. "जशी आहे तशी. तो पाठवा."

माय चरख्यावरून ओरडली, "भ्रमिष्ट झाली काय वं? कोण येईन मग?"

"नाही आलं तर पोहे तरी वाया जाणार नाहीत," ताई म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी तिला अंगणात उन्हात बसवलं आणि जवळ जाऊन पूर्ण रोल काढला. बाराच्या बारा फोटो धुक्यातले आले. चेहरा म्हणजे पांढरा गोळा, त्यात डोळ्यांच्या जागी सावल्या. स्टुडिओवाल्याने काउंटरवरून ते माझ्याकडे सरकवले. तो पन्नाशीचा, गळ्यात मफलर गुंडाळलेला आणि बोलायला गोड. म्हणाला, "बेटा, या डब्याने चेहरा येत नाही. सहा हात लांबून काढायचं. लांबून काढशील तर ताई येईल मुंगीएवढी. हे खेळणं आहे. चेहऱ्याचं काम आमच्यावर सोडून दे." मी ते फोटो घेऊन बाहेर आले. सदरच्या त्या रस्त्यावरून चालताना माझे कान गरम झाले होते. मला फोटो बिघडल्याचा राग नव्हता. त्याचं म्हणणं खरं होतं याचा राग होता.

आता त्या डब्यात काय घडतं हे मला बघायचं होतं. संक्रांतीच्या पतंगांचा उरलेला कागद मी फल्लीच्या तेलात भिजवून वाळवला. तो अर्धवट पारदर्शक झाला. डब्याचं मागचं झाकण उघडून फिल्म असते त्या जागी तो कागद ताणून चिकटवला, खटका तिसरीकडे नेऊन दाबून धरला आणि डोक्यावरून गोधडी घेतली. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग डोळे अंधाराला सरावले आणि त्या तेलकट कागदावर आमचं अंगण उमटलं. उलटं, रंगीत, हलतं. वर जमीन, खाली आभाळ. दोरीवरचं सूत वाऱ्याने हलत होतं ते कागदावरही हलत होतं. मी गोधडीतून ओरडले, ताई धावत आली, आणि मग आम्ही आळीपाळीने गोधडीत शिरून एकमेकींना पाहत बसलो. ती हसायची, कागदावर तिचे दात खालून वर हसायचे. पण ती जवळ आली की तोच चेहरा विरघळून जायचा.

बाबांचा चष्मा कसा सुचला हे मला नीट आठवत नाही. ताई म्हणते तिला सुचला. आता ती सत्तरी ओलांडून गेली आहे, निवृत्त शिक्षिका आहे, आणि चुका काढायची सवय अजून गेलेली नाही, तेव्हा तिचं म्हणणं मी मान्य करते. तुटलेला धागा जोडताना बाबा चष्मा लावायचे. लांबचं त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं, जवळचं चष्म्याने. डब्याचीही तीच अडचण होती. बाबा दुपारी जेवून आडवे झाले तेव्हा मी चष्मा उचलला, त्याची एक काच डब्याच्या डोळ्यासमोर धरली आणि गोधडीत शिरले. ताई हळूहळू पुढे सरकत आली. तीन हातांवर धूसर. दोन हातांवर थोडी बरी. दीड हातावर ती एकदम आली. पापण्यांचे केस आले, कपाळावरचं गोंदण आलं, आणि डावा गाल आला, त्यावरच्या रेषेन् रेषेसकट. मी तशीच पाहत राहिले. ताई बाहेरून विचारत होती, "दिसून राहिली काय वं?" मी गोधडीतूनच ओरडले, हलू नको.

आम्ही तेलकट कागद काढून नवा रोल घातला आणि मोजमापाला सुताचा धागा घेतला. एक टोक डब्याला, दुसऱ्या टोकाला गाठ, आणि ती गाठ ताईच्या नाकाला टेकली की अंतर बरोबर. चष्मा डब्याला बांधत होते तेवढ्यात बाबा उठले. मागावर एक धागा तुटला होता आणि त्यांना चष्मा सापडत नव्हता. ते अंगणात आले. माझ्या हातातला डबा, त्यावर त्यांचा चष्मा, समोर पदर खांद्यावर टाकून बसलेली ताई.

"हे काय चालू आहे?"

"फोटो," मी म्हणाले.

"मी काही बोललो नाही म्हणजे हो म्हटलं असं नाही," बाबा म्हणाले. ते ताईकडे वळले. "मी काय तुले लपवून राहिलो काय? वाचवून राहिलो. लोक कसे आहेत ते पाहिलं नं तू?"

"पाहिलं," ताई म्हणाली. "आणि तुम्हालेही पाहिलं बाबा. तुम्ही हात जोडले."

ताई थांबली नाही.

"शालूच्या शाळेत तुम्ही मास्तरासमोर ताठ उभे राहिले. त्या माणसासमोर काहून वाकले? मी काय चूक आहो काय तुमची, की माफी मागावी?"

मायचा चरखा थांबला होता. ती दारात येऊन उभी राहिली. तिचा हात सवयीने वर गेला, ताईच्या पदराच्या दिशेने, आणि मग तिने तो आपल्याच छातीशी धरला. मी सोळा वर्षांची होते. आमच्या घरात बाबांना असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ताईचा आवाज चढलाही नव्हता. मागाच्या घरात वाढलेली ताई त्या दिवशी एवढ्या हळू बोलली.

बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं, चष्मा मागतायत. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझी गाठ पाहिली, बोटाने ओढून पाहिली, ती सुटली. मग ते पायरीवर बसले आणि चष्म्याची काडी त्यांनी सुताने डब्याला पुन्हा बांधली, विणकराच्या गाठीने, अशी की काच अगदी डब्याच्या डोळ्यासमोर यावी आणि हलू नये. डबा मला परत दिला. "लवकर आटपा," म्हणाले. "माहा धागा तुटला आहे."

त्या बारा फोटोंतले पहिले पाच फुकट गेले, कारण बघायची काच डब्याच्या डोळ्याच्या वर होती आणि इतक्या जवळून काढताना मला तिच्यातून दिसायचं एक आणि फिल्मवर यायचं दुसरं. सगळ्यांत कपाळ कापलेलं. हे मात्र नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त मधून मधून डबा जरा वर करत गेले, का कोण जाणे, आणि त्यानेच काम झालं. ताईने एकदाही हात गालाकडे नेला नाही. ती सरळ समोर, डब्याच्या डोळ्यात पाहत होती.

रोल धुवायला आम्ही दोघी गेलो. फोटो घ्यायला पुन्हा दोघी. स्टुडिओवाल्याने आठव्या नंबरची निगेटिव्ह उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. "हा त्या डब्याने काढला?" मी हो म्हटलं. कसा, ते सांगितलं नाही. तो म्हणाला, "आलाय छान. द्या माझ्याकडे, गाल साफ करून देतो. पैसे नको त्याचे."

"साफ आहे तो," ताई म्हणाली.

"अहो ताई, मी तुमच्या भल्याचं बोलून राहिलो. लग्न जमवायचं आहे की पोलीस ठाण्यात द्यायचा आहे फोटो?"

काउंटरवर आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ताईने पदर डोक्यावरून, गालावरून, मानेवरून काढून सरळ खांद्यामागे टाकला आणि ती काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "पाहून घ्या," ती म्हणाली. "मोजून घ्यायचं असन तर मोजून घ्या. आणि मग असाच छापा. पेन्सिल लावली तर मी घेणार नाही." गिऱ्हाइकं दुसरीकडे पाहू लागली. स्टुडिओवाल्याने मफलर सैल केला. फोटो त्याने तसाच छापून दिला, आणि खरं सांगायचं तर छापला उत्तम. त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही.

घरी आल्यावर ताईने तो फोटो बाबांपुढे ठेवला. "हा जाईन, नाहीतर कोणताच नाही." बाबांनी तो चष्मा लावून पाहिला आणि मग चष्मा काढून लांब धरून पाहिला. पाकिटात घातला तो त्यांनीच.

तीन आठवडे काहीच नाही. माय म्हणायची, झालं. मग एका रविवारी दुपारी मामा आला आणि त्याच्यासोबत कंपाउंडर आणि त्याचा मोठा भाऊ. कळवलेलं असल्यामुळे मायने पाटवडीचा रस्सा केला होता. कंपाउंडर सडपातळ, केस चापून बसवलेले, बोलायला सभ्य. तो मला आवडला होता, हे मी आज कबूल करते. ताईने पाणी आणलं तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली नाही. मायच्या चेहऱ्यावर मला कित्येक वर्षांत दिसला नव्हता असा उजेड आला.

मोठा भाऊ म्हणाला, "आम्हाले पसंत आहे. आमचा भाऊ घेईन चालवून."

मामा हसला. बाबांनीही मान डोलावली. ताई मात्र जायला वळली होती ती थांबली. तिने कंपाउंडरलाच विचारलं, "चालवून म्हणजे कसं?"

तो गोंधळला. मुलगी थेट विचारेल असं त्याला वाटलं नसावं. "म्हणजे... मले काही अडचण नाही. दवाखान्यात मी रोज पाहतो असं. गावात आल्यावर तुम्ही पदर असा घेतला," त्याने स्वतःच्या गालावर हात ठेवून दाखवलं, "की दिसणार नाही. लोकायले काय सांगायचं ते माह्यावर सोडा."

"तुमच्या आईनं फोटो पाहिला काय?"

तो भावाकडे पाहू लागला. भाऊ म्हणाला, "आईले नाही दाखवला. म्हातारं माणूस आहे. लग्न झाल्यावर पाहीनच नं."

मला ताईचा उजवा गाल दिसत होता, आणि तो लाल झाला होता. मग तिने हात पुढे केला. "माहा फोटो परत द्या," ती म्हणाली.

कोणाला काही कळेना. कंपाउंडरने खिशातून फोटो काढून दिला, कारण मागितला तर द्यायचाच असं त्याला वाटलं असावं. ताई म्हणाली, "तुम्ही वाईट नाही. पण मले चालवून घेणारा नको. मी काही बंद पडलेला पंप नाही." ती आत गेली. मामाने तोंडावर हात ठेवला. आत मायच्या हातातून पळी पडली, ते ऐकू आलं.

मोठा भाऊ बाबांकडे वळला. आवाज चढवून म्हणाला, "पोरीले समजवा गा. पुन्हा कोणी येणार नाही या दारात. आम्ही आलो हे उपकार समजा."

मी बाबांच्या हातांकडे पाहत होते. दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. मला भीती वाटत होती, ते आता वर येतील आणि जोडले जातील. खूप वेळ गेला असं मला वाटलं. तो एका श्वासापेक्षा जास्त नसेल. बाबा उठून उभे राहिले, ताठ, आणि म्हणाले, "तिनं सांगतलं नं. रस्सा केला आहे, जेवून जा. आणि जेवायचं नसन तर उन्हं उतरायच्या आत निघा, नरखेडची गाडी चुकते."

ते जेवले नाहीत. मामा त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेला. जाताना तो ताईकडे बघू शकला नाही, आणि पुढे वर्षभर तो आमच्याकडे स्थळ घेऊन आला नाही, नुसतीच मोसंबी घेऊन आला. मायने त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. आपल्या एका चुकीने लेकीचं आयुष्य गेलं, असं ती किती वर्षं मानत राहिली, आणि ताई तिला किती वर्षं सांगत राहिली की आयुष्य गेलेलं नाही, मी इथेच आहे, मोठ्या गंजात भात लावते आहे. ताईला नोकरी लागली ती पुढच्या पावसाळ्यानंतर. अर्जावर तोच फोटो चिकटवलेला होता. तिने लग्न केलं ते एकतिसाव्या वर्षी, आपल्याच शाळेतल्या शिक्षकाशी. पण त्या रविवारी यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. एका चांगल्या माणसाला परत पाठवून आम्ही सगळे घरात बसलो होतो आणि पुढे काय, हे कोणालाच सुचत नव्हतं.

संध्याकाळी बाबा अंगणात सुताच्या लडी उचलत होते. मी त्यांना हात देत होते. शेजारच्या गोदाबाई कुडापलीकडून वाकल्या. पाहुणे येताना त्यांनी पाहिले होते आणि जेवल्याशिवाय जातानाही पाहिले होते. आवाजात जेवढी म्हणून कीव आणता येईल तेवढी आणून त्या म्हणाल्या, "नाही म्हटलं काय गा त्यायनं?"

बाबांनी लड खाली ठेवली. "त्यायनं नाही," ते म्हणाले. "माह्या कुसुमनं नाही म्हटलं."

गोदाबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हटलं?"

तेव्हा बाबा कुडाजवळ गेले, आणि माग चालू असताना बोलायचे त्या आवाजात, माग बंद असताना, समोरच्या ओळीतली चार घरं दारात येतील एवढ्या मोठ्याने त्यांनी ते पुन्हा सांगितलं.